बाभूळ लावण्यापूर्वी ती कोणती, हे पाहावे

पावसाळा जवळ आला की बाभळीविषयीची पत्रे वाढतात आणि त्यांत बहुधा दोन निराळी झाडे एकाच नावाने लिहिलेली असतात. म्हणून या वेळी बाभळीचेच प्रश्न एकत्र घेतले आहेत.

गावठी बाभूळ आणि वेडी बाभूळ यांतला फरक कसा ओळखावा? (करमाळा)

फूल आणि शेंग पाहावी. गावठी बाभळीचे फूल म्हणजे पिवळाधमक गोल गोंडा, आणि तिची करडी, चपटी शेंग दोन बियांच्या मध्ये आवळलेली असल्याने मण्यांच्या माळेसारखी दिसते. वेडी, म्हणजेच विलायती बाभळीची फुले फिकट पिवळसर, लांबट तुऱ्यांत येतात आणि तिची शेंग जवळजवळ सरळ, पिकल्यावर पिवळसर व गोड असते. ती अमेरिका खंडातून आणलेली असून बाभळीपेक्षा शमीला अधिक जवळची आहे. नुसत्या काट्याच्या छायाचित्रावरून निर्णय मागू नये. शंका राहिल्यास फुलाशेंगांसह फांदी जवळच्या कृषी महाविद्यालयात दाखवावी.

पेरलेले बी उगवत नाही. (जत)

कवच कठीण असते. उकळी आणून खाली उतरवलेल्या पाण्यात बी टाकून रात्रभर भिजवावे, किंवा शेळ्यांना शेंगा खाऊ घालून वाड्यात पडलेले बी गोळा करावे.

बाभळीच्या शेंगांच्या चूर्णाने गुडघ्याची झीज भरून येते, हे खरे का? (पुणे)

मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुरावर विसंबू नये. गुडघा अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावा. शेंगांत आणि सालीत टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असते, म्हणूनच त्यांनी कातडे कमावतात, पण एवढ्यावरून त्या सांध्यांचे औषध ठरत नाहीत. चूर्ण विकणारा डोस सांगतो. तुमची चालू औषधे कोणती, हे मात्र विचारत नाही.

गावच्या ओसाड माळावर बाभूळवन करायचे आहे. एक रोपविक्रेता ‘पाणी न लागणारी, झपाट्याने वाढणारी, जनावरे तोंड न लावणारी’ बाभूळ देतो आहे. घ्यावी का? (सांगोला)

घेऊ नये, आणि माळाला ओसाडही म्हणू नये. पवना, मारवेल, कुसळी असे गवत आणि त्यात दूरदूर उभे हिवर, बोर, बाभूळ, हेच आपल्या कोरड्या माळाचे पूर्ण वाढलेले रूप आहे. त्यावर धनगरांची मेंढरे चरतात, लांडगा आणि काळवीट जगतात, माळढोकही अशाच उघड्या माळावरचा पक्षी आहे. या गवताला ऊन लागते. दाट झाडी उभी केली की सावलीखाली ते विरळ होते आणि चाऱ्यासाठी केलेल्या कामातूनच चारा जातो.

विक्रेत्याने सांगितलेले गुण वेडी बाभळीचे आहेत. जनावरे तिचा पाला टाळतात, पण गोड शेंगा आवडीने खातात, बी शेणातून दूरवर पडते आणि तोडलेल्या बुंध्याला पुन्हा फुटवे येतात. कच्छच्या बन्नी गवताळ प्रदेशात 1961 च्या सुमारास रणाचा खारटपणा पुढे सरकू नये म्हणून ती मुद्दाम लावली गेली. पुढे गवताच्या मोठ्या क्षेत्रावर तीच पसरली आणि मालधारी पशुपालकांची कुरणे गेली. आपली गावठी बाभूळ याला अपवाद आहे, असे समजू नये. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये सावली आणि चाऱ्यासाठी लावलेली हीच बाभूळ तिथल्या गवताळ मैदानांवर पसरली आणि आज ती त्या देशात राष्ट्रीय महत्त्वाच्या तणांत मोडते. झाड चांगले की वाईट, हे कुठे आणि किती दाट लावले यावर बरेचसे ठरते.

गावठी बाभूळ लावायचीच असेल तर बांधावर, ओढ्याकाठी, विरळ लावावी. बांधासाठी सरळसोट वाढणारी, कमी सावली धरणारी रामकाठी जातीची बाभूळ योग्य. माळाचा निर्णय घेण्यापूर्वी तिथे मेंढरे चारणाऱ्यांना, वन विभागाला आणि कृषी विज्ञान केंद्राला विचारावे. वेडी बाभळीची रोपे आधीच लावली असतील तर गावच्या पुढच्या बैठकीची वाट पाहू नये. पहिल्या पावसाळ्यात ओली जमीन असताना रोप मुळासकट हाताने उपटता येते. मोठे झाल्यावर बुंधाच खणून काढावा लागतो आणि तोवर बी सर्वत्र गेलेले असते.

विकत आणलेला ‘अस्सल बाभळीचा डिंक’ पाण्यात विरघळण्याऐवजी फुगला. (नाशिक)

मग तो बहुधा कांडोळ या दुसऱ्या झाडाचा आहे, बाभळीचा विरघळतो. बाळंतिणीच्या लाडवांसाठी हवा असेल तर खात्रीच्या दुकानातूनच घ्यावा आणि तिच्या डॉक्टरांना आधी विचारावे.

बांधावरची जुनी बाभूळ आणि शेजारचा खैर तोडता येईल का? (जुन्नर)

खैर हे अनुसूचित, म्हणजे वृक्षतोड कायद्याच्या यादीतले झाड असल्याने परवानगीशिवाय तोडू नये. बाभळीबाबतही कुऱ्हाड लावण्यापूर्वी वनक्षेत्रपाल कार्यालयात लेखी विचारावे. ‘व्यापारी सगळे बघून घेतो’ या आश्वासनावर सही करू नये.