प्लाझ्मा शिकून पुढे काय?

प्रश्न : मुलगी सांगलीत बीएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्लाझ्मा आणि सिलिकॉन एकत्र वापरून प्रकाश टिपणाऱ्या उपकरणांवर संशोधन करायचं म्हणते. तिचे काका म्हणतात, बीएड कर. आम्हाला यातलं काही कळत नाही. यात पुढे नोकरी आहे का? – एक आई

उत्तर : नमस्कार ताई,

विषय अवघड आहे, पण हवेतला नाही. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात गॅरी ईडन यांच्या गटाने सिलिकॉनमध्ये, म्हणजे ज्याच्या चिप बनतात त्या पदार्थात, उलट्या पिरॅमिडच्या आकाराचे, जेमतेम ५० मायक्रॉन (मिलिमीटरचा विसावा भाग) रुंदीचे खड्डे कोरले, त्यांत निऑन वायू भरून प्लाझ्मा (ट्यूबलाइटमध्ये असतो तसा विजेने चमकणारा वायू) पेटवला आणि त्यातून प्रकाश टिपून दाखवला. गंमत अशी की सिलिकॉनमधला इलेक्ट्रॉन बाहेर काढायला चार इलेक्ट्रॉन व्होल्टहून जास्त ऊर्जा लागते. दृश्य प्रकाशाच्या फोटॉनकडे, म्हणजे प्रकाशाच्या कणाकडे, दोन-तीनच असते. मात्र प्लाझ्मा सिलिकॉनला भिडतो त्या पातळ थरात विद्युतक्षेत्र इतकं तीव्र असतं, की प्रकाशाने आत मोकळा झालेला इलेक्ट्रॉन निसटून वायूत येऊ शकतो. तिथे टकरा होत एकाचे अनेक होतात आणि प्रवाह वाढतो. मुलीला भुरळ पडली त्यात नवल नाही.

आता नोकरीचं. नेमक्या या उपकरणावर काम करणारे गट जगातच मोजके आहेत, त्यामुळे केवळ त्याच्या भरवशावर राहू नका. पण चिपच्या कारखान्यात सिलिकॉनवरच्या बारीक रेषा प्लाझ्मानेच कोरतात. प्लाझ्मा आणि सेमीकंडक्टर (सिलिकॉनसारखे पदार्थ) दोन्ही जाणणारा माणूस तिथे लागतोच. गुजरातेतल्या चिप प्रकल्पांमुळे साणंद, ढोलेराची नावं तुम्ही बातम्यांत ऐकली असतील. म्हणून एमएस्सीला तिने सेमीकंडक्टर पक्कं करावं, प्रोजेक्ट मात्र प्लाझ्मावर घ्यावा. व्हॅक्यूम पंप स्वतः जोडता येणं मार्कांपेक्षा जास्त उपयोगी पडतं, हे माझं ठाम मत.

पीएचडी करायची झाली तर गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था आहे. आयआयटी मुंबईत नॅनोफॅब्रिकेशनची, म्हणजे अतिसूक्ष्म उपकरणं घडवण्याची, क्लीनरूम (धूळमुक्त प्रयोगशाळा) आहे. पीएचडीला पाच-सहा वर्षं जातात, फेलोशिप मिळते, पण घरात तेवढा धीर हवा. नसेल, तर एमएस्सीनंतर गेट ही प्रवेश परीक्षा देऊन सेमीकंडक्टरमध्ये एमटेक करता येतं. बीएड नंतरही होईल, काकांना तसं सांगा.

आयआयटीतल्या एमएस्सीसाठी जॅम ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. त्या परीक्षेचे अर्ज साधारण सप्टेंबरमध्ये सुरू होतात, तेव्हा अभ्यास आत्ताच धरायला सांगा.