बाळाच्या दंडावरची पिवळी पट्टी

पुण्यातील एका वस्तीतून आलेले हे पत्र एका आईने शेजारच्या मुलीकडून लिहून घेतले आहे. हे कुटुंब दोन वर्षांपूर्वी परभणी जिल्ह्यातून आले. पती सेंट्रिंगच्या कामावर जातात आणि त्या स्वतः चार घरची धुणीभांडी करतात. लसीकरणाच्या दिवशी नर्सने त्यांच्या सोळा महिन्यांच्या मुलाच्या दंडाला तीन रंगांची पट्टी लावली, तेव्हा ती पिवळ्या रंगावर थांबली. रेशनकार्ड गावचे असल्याने अंगणवाडीत नाव घेतले गेले नाही आणि सासूबाई म्हणतात, पोराला गावी पाठवून द्या. या आई विचारतात, "काम सोडून घरी बसू का? माझ्यामुळेच पोर वाळले का?"

ताई, दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. तुमच्यामुळे नाही. पहाटे बाळाला पाजून, शेजारच्या आजींच्या मांडीवर ठेवून तुम्ही कामाला जाता, हातात बिस्किटांचा पुडा देता आणि दुपारी दोनपर्यंत आजी तीच बिस्किटे चहात बुडवून भरवतात, असे तुम्ही लिहिले आहे. त्याने पोट भरते, बाळ रडत नाही. परंतु अंगी लागेल असे त्यात फारसे काही नसते, शिवाय चहामुळे अन्नातले लोह शरीराला नीट मिळत नाही. आजींनी जे केले ते मायेनेच केले आहे, त्यामुळे त्यांना बोल लावू नका. निघताना घट्ट वरणात भाकरी कुस्करून, त्यात चमचाभर तेल आणि बारीक केलेला शेंगदाण्याचा कूट घालून ती वाटी त्यांच्याकडे झाकून ठेवा, आणि उरलेले संध्याकाळी देऊ नका, तेव्हा ताजे करा. बाळाचे पोट लहान असते, म्हणून अंगावरच्या दुधाशिवाय दिवसातून तीन-चार वेळा जेवण आणि मध्ये एक-दोनदा केळे किंवा उकडलेले अंडे असे काही द्यावे.

पिवळा रंग म्हणजे दंडाचा घेर ११.५ ते १२.५ सेंटिमीटरच्या दरम्यान, म्हणजे मध्यम कुपोषण. ते घरच्या आहाराने आणि नियमित तपासणीने भरून येऊ शकते. मात्र पट्टी लाल रंगावर गेली, पायांवर सूज दिसली, किंवा बाळ मलूल होऊन खाणेच टाकू लागले, तर त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठा.

आता अंगणवाडीविषयी, कारण ते वाचून मला फार वाईट वाटले. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलांना जवळच्या अंगणवाडीतून मोफत आहार मिळण्याचा हक्क दिला आहे, आणि दारिद्र्यरेषा ही त्यासाठी अट असू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ सालीच सांगितले आहे. रेशनकार्ड कुठल्या गावचे आहे, याचा येथे संबंध नाही. साध्या कागदावर बाळाचे आणि थोरल्या लेकीचे नाव व वय लिहून अर्ज करा आणि पोच घ्या. तरीही नकार मिळाला, तर पर्यवेक्षिका आणि त्यांच्या वरच्या बालविकास प्रकल्प अधिकारी यांच्याकडे जा. धाकट्याला घरी नेण्याचा आहार मिळेल, तर चार वर्षांच्या लेकीला तेथेच गरम जेवण मिळेल. ते घेताना चारचौघांत मान खाली जाते, असे तुम्ही लिहिले आहे. पण तो तुमच्या मुलांचा वाटा आहे, तो मागताना कसली लाज?

गावच्या कार्डावरचे धान्यही पुण्यातील दुकानात अंगठा लावून उचलता येते, आणि सासू-सासऱ्यांचा भाग ते तिकडे घेऊ शकतात. त्यासाठी कार्डाशी आधार जोडलेले असावे लागते. पतींनी वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केले असेल, तर ठेकेदाराचा दाखला घेऊन बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करावी.

काम सोडू नका. त्या पगारावर घरातले दूध-अंडी चालतात, आणि तो थांबला तर पहिली काटछाट तुमच्याच ताटात होईल. आताही तुम्ही दुपारी चहावरच भागवता, हे पत्रात ओझरते आले आहे. दूध पाजणाऱ्या आईने उपाशी राहू नये, ही माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे. बाळ अजून अंगावर पिते, म्हणून त्याला तूर्त गावी पाठवू नये, असे मला वाटते. सासूबाईंनाच महिनाभर इकडे बोलवता आले तर पाहा. संध्याकाळचा एक घास भरवण्याचे काम पतींकडे द्या.

महिन्याने पुन्हा दंड मोजून घ्या आणि पट्टी कुठे आली ते त्याच मुलीकडून मला लिहून कळवा.