आधी मोज

प्रिय बाय,

तुझा अभंग वाचला. पहिलाच चरण ‘मांडवीच्या काठावर’. मोज. मां-ड-वी-च्या-का-ठा-व-र, आठ झाली. मोठ्या अभंगात पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरं आणि चौथ्यात चार. ‘मांडवीच्या काठी’ म्हण, सहा भरतात, नदीही जागच्या जागी राहते. तो ‘वर’ तुला कशाला हवा होता?

जोडाक्षर एक धरायचं की दोन, विचारतेस. एकच. आणि ‘वर’ बोलताना आपण एका दमात उडवतो, तरी मोजताना ती दोन अक्षरं. पटत नसेल तर देवळात भजनाला जाऊन बस. गाणारे तो शेवटचा ‘र’ कसा पुरता उच्चारतात ते ऐक. मात्रांचा हिशेब वेगळा. ‘स्वप्न’ची अक्षरं दोन, मात्रा तीन, कारण पुढच्या ‘प्न’चा आघात येऊन ‘स्व’ गुरू, म्हणजे दोन मात्रांचा होतो. त्या भानगडीत आत्ता पडू नकोस. अक्षरं मोज.

मोजलं की कविता मरते, असं तुझी मैत्रीण म्हणते. मीही म्हणायचो. विसाव्या वर्षी एका मासिकाला शार्दूलविक्रीडित वृत्तातली कविता पाठवली होती. एका ओळीत एकोणिसाऐवजी अठरा अक्षरं. संपादकांनी त्या ओळीभोवती पेन्सिलीनं गोल काढून कागद परत धाडला, वर एक शब्द नाही. मी रुसलो. पुढं अकरा वर्षं मुक्तछंद लिहिला. मुक्तछंद वाईट नव्हे गो, पण माझा तो मुक्तछंद नव्हताच, नुसता राग होता. त्यातली एक ओळ आज मला स्वतःला पाठ नाही. (संपादक अगदीच चुकले असंही नाही, दोन शब्द लिहिले असते तर त्यांचं काय गेलं असतं?)

ओवीत कुठं अक्षरं बांधलेली असतात, म्हणून तू उलटशील, मला ठाऊक आहे. तर ख्रिस्तपुराण उघड. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज पाद्री, 1616 साली गोव्यातल्या रायतूरला त्याचा हा ग्रंथ छापला गेला. परक्या भाषेत हजारो ओव्या रचल्या त्यानं. तीन चरणांना यमक, चौथा आखूड. परदेशी माणसाच्या कानाला तो आखूडपणा कळला, आणि तू मांडवीकाठी वाढलेली पोर दोन अक्षरं जास्त टाकून मोकळी!

रागावू नकोस. तुझा चौथा चरण, ‘ओली होडी’, नेमका चार आहे. तो न मोजता आला असेल तर कान चांगला आहे तुझा. तरीही मोज.

शनिवारी ये. प्रत्येक चरणापुढं समासात आकडा लिहून आण, पेन्सिलीनं.