तुझ्या सहा विद्यार्थ्यांविषयी

प्रिय विद्यार्थिनीस,

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. संशोधन प्रशिक्षणासाठी महाविद्यालयाने थोडा निधी मंजूर केला आणि त्यातून बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाचे सहा विद्यार्थी तुला घ्यायचे आहेत, हे वाचून आनंद झाला. निवड गुणांवर करावी की मुलाखतीवर, असे तू विचारले आहेस. त्याआधी प्रत्येकाची शेवटची एस.टी. किती वाजता सुटते आणि संध्याकाळी तो कुठे कामाला जातो, याची चौकशी कर. साडेपाचच्या गाडीनंतर जिच्या गावाला दुसरी गाडी नाही, ती मुलगी चार वाजता सुरू होणाऱ्या प्रयोगाला नाव देणारच नाही, आणि तिला रस नाही असे समजून आपण मोकळे होऊ.

माझी एक चूक सांगतो. माझ्या एका विद्यार्थ्याची दूरच्या एका नामवंत संस्थेत उन्हाळी प्रशिक्षणासाठी निवड झाली होती. प्रवासखर्च आणि विद्यावेतन दोन्ही मिळणार होते, पण रुजू झाल्यानंतर. तिकीट, खानावळीची अनामत आणि पहिला महिना ज्याचा त्याने निभवायचा होता. ‘प्रकृती बरी नाही’ असे कळवून त्याने जागा सोडली आणि मी त्याला एका चांगल्या डॉक्टरांचे नाव सुचवले! खरे कारण दोन वर्षांनी त्याच्या बहिणीकडून कळले. उन्हाळ्यात तो दरवर्षी बांधकामावर जाई आणि ती मजुरी घरच्या हिशेबात आधीच धरलेली असे, हेही मी कधी विचारले नव्हते. म्हणून तुझ्या निधीतला एक भाग उचल देण्यासाठी राखून ठेव. बिले जोडा, पैसे मागाहून मिळतील, हे उत्तर या मुलांच्या कामाचे नाही.

बाहेरच्या योजनांची माहिती मुलांना आपणच द्यावी लागते. केंद्र सरकारच्या ‘इन्स्पायर’ शिष्यवृत्तीच्या वार्षिक ८०,००० रुपयांपैकी २०,००० उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी असतात, हे ती मिळवणाऱ्यांनाही पुष्कळदा ठाऊक नसते. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींच्या उन्हाळी संशोधन शिष्यवृत्तीच्या अर्जाला शिक्षकाची शिफारस लागते. ती शेवटच्या रात्री लिहू नकोस. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा पदवी विद्यार्थ्यांसाठीचा उपक्रम २००४ पासून चालू आहे, तोही दाखव. आणि तुमच्याकडे ‘कमवा आणि शिका’ योजना असेल, तर त्या तासांत बागेला पाणी घालण्याऐवजी प्रयोगशाळेतले काम धरता येईल का, हे प्राचार्यांना विचार. कर्मवीर भाऊराव पाटलांचा वारसा सांगणाऱ्यांना ते अमान्य होण्याचे कारण नाही.

आता निवडीचे. मुलाखतीत इंग्रजी बोलणारा पुढे जातो, एवढेच होते. त्यापेक्षा प्रत्येकाच्या हातात मायक्रोपिपेट, म्हणजे थोडा द्रव अचूक मोजून घेण्याचे, वर दाबायचे बटण असलेले उपकरण दे. द्रव ओढताना पहिल्या थांब्यापर्यंतच दाबायचे आणि सोडताना दुसऱ्यापर्यंत, हे एकदा करून दाखव. मग एक मिलिलिटर पाणी दहा वेळा काट्यावर तोलायला लाव. वजन दर वेळी एका ग्रॅमच्या आसपास भरले पाहिजे. कोणी ओढतानाच दुसऱ्या थांब्यापर्यंत दाबेल आणि त्याचे पाणी जास्त भरेल. तो आकडा कोण खोडरबराने पुसतो आणि कोण त्यावर एक रेघ मारून शेजारी कारण लिहितो, ते वहीत पाहा. रेघ मारून कारण लिहिणाऱ्याला घे, मग त्याला बारावीला कितीही गुण असोत. कारण मराठीत लिहिले असेल तर आणखी चांगले. पहिले दोन महिने वही मराठीतच चालू दे, विचार करणे आणि भाषांतर करणे ही दोन ओझी एकदम नकोत.

एक गोष्ट तुझ्या लक्षात आली असेल. घरची ओढाताण असलेली हीच मुले उपकरणापासून दोन पावले मागे उभी राहतात आणि आपण त्याला लाजाळूपणा म्हणतो. फुटले तर ब्रेकेज भरावे लागेल, ही भीती त्यामागे असते. मी स्वतः पहिल्या वर्षी एक ब्युरेट फोडली होती आणि पुढचे सहा महिने फक्त निरीक्षणे लिहून घेण्याचे काम मागून घेत होतो. तुझ्या सहा जणांना ब्रेकेज माफ असेल, असे लेखी मंजूर करून घे आणि तो कागद प्रयोगशाळेच्या दारावर लाव. प्राचार्यांना द्यायच्या अर्जाचा कच्चा मसुदा माझ्याकडे पाठव, मी वाचून परत करतो.

तुझे सर