बेळगावात मित्रांसोबत बसायचं तर लाउंज बरं की साधं बार-रेस्टॉरंट?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून बेळगावला बदली झालीय, ऑफिसातले पाच जण येत्या शनिवारी बाहेर बसणार आहात. तिघं घेणारे, एक निपाणीकडचा जैन, आणि एक घेत नाही पण मटण म्हटलं की पुढं. लाउंजला जावं की साध्या बारला, आणि बिल कसं वाटावं?

जन्मापासून इथलाच असल्यामुळं सरळ सांगतो. बेळगावात प्यायची जागा वेगळी ठेवा आणि जेवायची वेगळी. एकाच टेबलावर सगळं उरकायचा पुणेरी हिशोब इथं आणलात तर पैसे जातील आणि बेळगावचं काही पोटात जाणार नाही.

कारण साधं आहे. लाउंज घ्या नाहीतर बार घ्या, मेनूकार्ड एकच: मसाला पापड, पनीर चिली, चिकन लॉलीपॉप, क्रिस्पी कॉर्न, मग जीरा राईस आणि दाल तडका. हे सगळं पुण्यात मिळतं, हुबळीतही मिळतं. इथलं म्हणावं असं जेवण आहे खानावळीत, आणि खानावळीकडं दारूचा परवाना नसतो. कर्नाटकात परवान्यांचे प्रकार ठरलेले आहेत. वाईन शॉप म्हणजे सीएल-२, बार अँड रेस्टॉरंट सीएल-९, लॉजिंगवालं हॉटेल सीएल-७, क्लब सीएल-४. परवान्याशिवाय कुणी पिऊ दिलं तर ते बेकायदा. तेव्हा खानावळीत पिशवीतून क्वार्टर काढायच्या भानगडीत पडू नका. धाड पडली की मालक अडकतो, आणि आधीच त्यानं पाहिलं तर तुम्हाला ताटावरून उठवतो. हायवेवरच्या बऱ्याच धाब्यांचीही तीच गत. ‘गुपचूप सोय होते’ असं सांगणारे भेटतील, ऐकू नका.

पहिली दुरुस्ती शनिवारची. इथं निम्म्या लोकांचा शनिवार मारुतीचा, सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा नाहीतर साईबाबांचा. तिघं घेणारे म्हणताय, पण त्यातल्या एकाचा शनिवार असला तर तो सोडा-लिंबू घेऊन तुमच्या तोंडाकडं बघत बसेल. मटणाचे वार म्हणजे बुधवार, शुक्रवार, रविवार. दुसऱ्या दिवशी सुट्टी हवी म्हणून शनिवार धरला असेल आणि शनिवारीही सुट्टी असेल तर शुक्रवार बघा, नाहीतर आधी सगळ्यांना विचारून घ्या. श्रावणात तर हा विषयच काढू नका. आषाढी अमावस्येच्या आठवड्यात बारमध्ये बसायला जागा नसते आणि पुढच्या आठवड्यात तेच बार ओस पडतात.

दुसरं, तुमचा जैन मित्र. निपाणी-चिकोडी-अथणी पट्ट्यात जैन वस्ती मोठी आहे. त्यातले काही बारा महिने सूर्यास्ताआधी जेवतात, काही फक्त चातुर्मासात पाळतात, काही बाहेर असताना नुसता कांदा-लसूण आणि कंदमुळं टाळतात. गृहीत धरू नका, विचारा. पाळणारा असेल तर सगळे मिळून साडेपाचला एखाद्या उडुपी हॉटेलात भेटा. तो पोटभर जेवेल, बाकीच्यांनी डोसा अर्धा-अर्धा करून वर कॉफी घ्यावी. रिकाम्या पोटी बसण्यापेक्षा ते कधीही बरं. पुढं यायचं की घरी जायचं ते त्याला ठरवू द्या. टेबलाशी नुसता पाणी पीत बसलेला माणूस अवघडतो आणि त्याच्यामुळं बाकीचेही अवघडतात.

आता बसायचं कुठं. पाच जणांत निवांत बोलायचं असेल तर साधं बार अँड रेस्टॉरंट. इथली बरीचशी उडुपी-कुंदापूरकडच्या मंडळींनी चालवलेली आहेत. स्वच्छता बरी, माशांचा एखादा पदार्थ हमखास चांगला, आणि वेटर मराठी, कन्नड, हिंदी तिन्हीत ऑर्डर घेतो. तुम्ही मराठीत बोललात म्हणून इथं कुणी डोळे वटारत नाही, उगाच धास्ती बाळगू नका. फक्त ‘अण्णा’ म्हणून हाक मारा, पाणी लवकर येतं.

पेग-पेग मागवू नका. साध्या बारमध्ये सीलबंद क्वार्टर मागवा, म्हणजे १८० मिली, आणि ती टेबलावर फोडायला सांगा. साठचे तीन पेग होतात, मापात घोळ नाही, बाटलीत काय आहे ते डोळ्यांसमोर असतं. बिअर असेल तर बाटली हाताला थंड लागतेय का ते बघूनच झाकण उघडू द्या. दर मात्र पुण्याशी ताडून बघत बसू नका. कर्नाटकानं जुलै २०२३ च्या बजेटमध्ये देशी बनावटीच्या विदेशी मद्यावरचं (व्हिस्की, रम वगैरे) अबकारी शुल्क सगळ्या टप्प्यांवर २० टक्क्यांनी वाढवलं. बिअरवरचं तेव्हा १७५ वरून १८५ टक्के झालं आणि जानेवारी २०२५ मध्ये १९५. वर वाईन शॉपचा दर एमआरपीचा आणि बारचा त्याहून चढा, हे तर सगळीकडंच.

हे ऐकलं की कुणीतरी म्हणणारच, ‘मग गोव्याहून आणूया की!’ चोर्ला घाट जवळ आहे, मोह होतो. पण त्या बाटल्यांवर गोव्यातच विक्रीसाठी असं छापलेलं असतं, आणि खानापूर तालुक्यात कणकुंबीला तपासणी नाका आहे. डिकी उघडायला लावतात. चारशे-पाचशे रुपये वाचवायला जाऊन अबकारीच्या केसमध्ये नाव लागणं, तेही नव्या नोकरीत, कुणी सांगितलंय? गोव्याची गोव्यात प्यावी, तीही तिथं मुक्काम असेल तर. घाट उतरून-चढून त्याच रात्री परत येणारे महाभाग आहेत आमच्याकडं. त्यांच्या गाडीत बसू नका.

लाउंजबद्दल माझं मत जरा कडवट आहे, तेवढं धरून वाचा. गेल्या काही वर्षांत गच्चीवरची, निळ्या दिव्यांची बरीच ठिकाणं निघालीत. मेडिकल आणि इंजिनिअरिंगची पोरं तिथं असतात. वाढदिवस असेल, ऑफिसातल्या मैत्रिणीही येणार असतील आणि त्यांना साध्या बारमध्ये बसणं नको वाटत असेल, तर लाउंजच योग्य. तिथं जोडपी, कुटुंबं असतात, कुणी वळून बघत नाही. पण पाच पुरुषांनी गप्पा मारायला तिथं जाऊन काय करायचं? स्पीकर छातीवर वाजतो, बाजूच्याशी बोलायला त्याच्या कानाला तोंड लावावं लागतं, आणि सोफे इतके बुटके की ताट मांडीवर घ्यावं लागतं. अगोदर निम्मी पोरं हुक्क्यासाठी जायची. कर्नाटकानं ७ फेब्रुवारी २०२४ ला हुक्का राज्यभर बंद केला, त्यामुळं तेही आकर्षण सरकारी कागदावर तरी संपलं. कुणी ‘आतल्या खोलीत मिळतो’ म्हणालं तर उठून बाहेर या.

जायचंच असेल तर फोन करून दोन गोष्टी विचारा: टेबलासाठी किमान बिलाची अट आहे का, आणि सर्व्हिस चार्ज लावता का. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात घालता येत नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानंही त्या सूचना उचलून धरल्या. काढायला सांगा, काढतात. हुज्जत घालावी लागत नाही, नुसतं शांतपणे ‘हे कमी करा’ म्हणायचं. वेटरनं नीट वाढलं असेल तर त्याच्या हातात वेगळी टीप द्या. टेबलात कुणी नुकतं कॉलेज संपवून आलेलं पोरगं असेल तर वयही बघा. इथल्या परवान्यांच्या नियमांत २१ वर्षं आहे. पलीकडं महाराष्ट्रात दारूसाठी २५, गोव्यात १८.

साडेआठला तिथून उठायचं. हे जमणं सगळ्यात अवघड, कारण साडेआठलाच गप्पा रंगायला लागतात. पण खानावळी दहाच्या सुमाराला आवरायला घेतात, आणि उशिरा गेलात की भाकरी संपलेली असते, चपातीवर भागवावं लागतं.

सावजी खानावळ गाठा. हुबळी-गदगसारखीच इथंही सावजी मंडळींची मटणाची परंपरा आहे. मसाला काळपट, तिखट असं की पहिल्या घासाला कळत नाही, तिसऱ्याला कानामागं घाम फुटतो. तेवढं झेपणार नसेल तर मराठा पद्धतीची खानावळ बघा. तिथला रस्सा कोल्हापूरच्या तांबड्याच्या जवळचा, तिखट असला तरी पोटाला सोसतो. ताट आलं की सुकं बाजूला ठेवा, आधी भाकरी. तव्यावरून थेट येते, फुगलेली. वरचा पापुद्रा बोटानं फोडला की वाफ चटका देते, त्याच फटीत रस्सा ओतायचा आणि खालचा जाड भाग भिजायच्या आत उचलायचा. शहरात बहुतेक ज्वारीची मिळते, खानापूर-चंदगडकडं तांदळाची. वाटी रिकामी दिसली की वाढपी न विचारता रस्सा ओतून जातो, नको असेल तर हात आडवा धरा. तुमचा न पिणारा मटणप्रेमी मित्र इथं सगळ्यांची कसर भरून काढेल. बिर्याणीचाच हट्ट असेल तर इथं कुणालाही विचारा, पहिलं नाव नियाजचं निघतं.

जैन मित्र दिवस मावळल्यावरही जेवणारा असेल तर मटणाच्या खानावळीत त्याला ओढू नका. ‘लिंगायत खानावळ’ अशी पाटी दिसेल तिथं त्या रात्री सगळ्यांनीच जा. ज्वारीची कडक किंवा मऊ भाकरी, भरल्या वांग्याची एण्णेगाई, मोडाची उसळ, शेंगाचटणी, कारळ्याची चटणी, वर दही. कांदा-लसणाचं मात्र ताट मागवतानाच सांगा, कारण या जेवणात दोन्ही सढळ असतात. दोन पेगांनंतर हे जेवण मटणापेक्षा बरं लागतं असं माझं प्रामाणिक मत आहे. आमच्या ग्रुपात यावरून कायम वाद होतो.

आता बिल. दारू जीएसटीत येत नाही, तिच्यावर राज्याचे वेगळे कर. साध्या रेस्टॉरंटमध्ये जेवणावर ५ टक्के जीएसटी, अडीच केंद्राचा आणि अडीच राज्याचा. म्हणूनच बऱ्याच ठिकाणी बारचं आणि किचनचं बिल वेगळं निघतं. निघत नसेल तर बसतानाच ‘दोन बिलं करा’ म्हणून सांगा, वाटणीचा अर्धा वाद तिथंच मिटतो. समजा खाण्याचे १६०० झाले, करासकट १६८०, आणि बारचे २४००. खाणं पाच जणांत म्हणजे ३३६ रुपये, बार तिघांत म्हणजे ८००. न पिणाऱ्यानं ३३६ द्यायचे, पिणाऱ्यानं ११३६. ‘असू दे, सगळं सारखं वाटू’ म्हणणारा नेहमी पिणाऱ्यांतलाच असतो, हे ध्यानात ठेवा. दारूच्या रकमेवर जीएसटी लावलेला दिसला तर बिल परत करा. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेतल्या, म्हणजे उलाढालीवर ठरावीक कर भरणाऱ्या छोट्या हॉटेलाला तर ग्राहकाकडून जीएसटी वेगळा घेताच येत नाही. खानावळीचा हिशोब ताटावर, तो एकानं फोनवरून भरून टाकावा.

तारखाही सांभाळा. २ ऑक्टोबरला बंद असतंच, आणि आमच्याकडं त्या दिवसाला वेगळं वजन आहे: गांधीजींनी अध्यक्षपद भूषवलेलं काँग्रेसचं एकमेव अधिवेशन १९२४ चं, ते इथल्या टिळकवाडीत भरलं होतं. मतदान संपायच्या आधीचे ४८ तास बंद, आणि शेजारच्या राज्यात मतदान असलं तरी सीमेलगतची दुकानं बंद ठेवण्याचे आदेश निघतात. गणपती विसर्जनाचं त्या-त्या वर्षी जाहीर होतं. १ नोव्हेंबरला एकीकडं राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडं सीमाभागातल्या मराठी लोकांचा काळा दिन, त्या दिवशी घरीच बसा. डिसेंबरात सुवर्णसौधला, म्हणजे इथल्या विधानसभेच्या इमारतीत, अधिवेशन असलं की आमदार, अधिकारी, बंदोबस्ताचे पोलीस यांनी हॉटेलं भरून जातात, टेबल आधी सांगून ठेवावं लागतं. आणि टेबलावर कन्नड सहकारी असोत वा नसोत, सीमाप्रश्न काढू नका. २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, तिसऱ्या पेगला सुटणार नाही.

गाडी न पिणाऱ्यानं चालवावी, तो मटण खाऊन सुस्तावला असला तरी. रक्तात १०० मिलीला ३० मिलीग्रॅमच्या वर सापडलं की पहिल्याच वेळी दहा हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. रिक्षा करणार असाल तर भाडं बसायच्या आधी ठरवा, मीटरचा आग्रह धरण्यात अर्थ नाही. आणि घरी कुंदा न्यायचा असेल तर तो संध्याकाळीच, बारला जायच्या आधी घेऊन ज्याची गाडी आहे त्याच्या डिकीत ठेवा. रात्री मिठाईची दुकानं बंद झालेली असतात, आणि एखादं उघडं सापडलंच तरी डबा रिक्षात राहतो.