एकच वर्णपट, दोन तापमाने

प्रश्न : मृग नक्षत्रातील तेजोमेघाचा सर्वांसाठी खुला असलेला वर्णपट घेऊन मी ऑक्सिजनच्या रेषांवरून वायूचे तापमान काढले. ‘पायनेब’ हे सॉफ्टवेअर आणि आमच्या विभागातील एक जुने सॉफ्टवेअर यांच्या उत्तरांत सुमारे ३०० केल्विनचा फरक पडतो. कोणाचे उत्तर ग्राह्य धरावे?
— एक पदव्युत्तर विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : दोन्ही सॉफ्टवेअर मुळात एकच समीकरण सोडवतात; त्यामुळे फरकाचे कारण बहुधा त्यांत साठवलेल्या अणुविषयक आकड्यांत सापडेल. दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनच्या (म्हणजे त्याच्या आयनाच्या) ४९५९ आणि ५००७ अँगस्ट्रॉम (तरंगलांबीचे एकक) या तेजस्वी रेषा एका ऊर्जापातळीवरून निघतात, तर ४३६३ ची क्षीण रेषा तिच्याही वरच्या पातळीवरून निघते. वायू जितका तप्त, तितके वायूतील अधिक मुक्त इलेक्ट्रॉन टकरींतून आयनाला त्या वरच्या पातळीपर्यंत ढकलू शकतात, म्हणून या रेषांच्या तेजाच्या गुणोत्तरावरून तापमान कळते. विरळ वायूत दोन तेजस्वी रेषांच्या एकत्रित तेजाचे ४३६३ च्या तेजाशी असलेले हे गुणोत्तर १०,००० केल्विनला २०० च्या आसपास, तर ८,००० केल्विनला ५०० च्या जवळ असते.

गुणोत्तरावरून तापमान काढताना दोन गोष्टी ठाऊक असाव्या लागतात : या पातळ्यांवरून प्रकाश बाहेर पडण्याची संभाव्यता आणि इलेक्ट्रॉनांच्या टकरी किती परिणामकारक ठरतात याचे माप. ५००७ ची रेषा देणारी पातळी अर्ध्या मिनिटाहून अधिक काळ टिकते, आणि तेवढ्या वेळात आयनाला धक्का लागणार नाही इतका विरळ वायू प्रयोगशाळेत राखणे फार कठीण असते. (विल्यम हगिन्स यांनी १८६४ मध्ये पाहिलेल्या या रेषा ऑक्सिजनच्या आहेत हे आयरा बोवेन यांनी १९२७ मध्ये दाखवले, इतका विलंब होण्यामागेही हीच अडचण होती.) त्यामुळे हे आकडे प्रामुख्याने पुंजयामिकीच्या (क्वांटम मेकॅनिक्सच्या) गणितातून येतात आणि गणित बदलले की तेही बदलतात. याच आयनासाठी २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टकरींच्या आकड्यांमुळे तापमान काहीशे केल्विनने खाली आले होते. २०१४ मधील गणित पुन्हा जुन्या आकड्यांच्या जवळ गेले.

पायनेबमध्ये कोणत्या आयनासाठी कोणती फाइल वापरली जाते हे पाहता येते आणि ती बदलताही येते. जुन्या सॉफ्टवेअरमधील आकडे कोठून घेतले आहेत ते शोधावे, शक्य तितके तेच पायनेबला देऊन गणित पुन्हा करावे. अहवालात सॉफ्टवेअरच्या नावाबरोबर आवृत्ती आणि आकड्यांचा मूळ स्रोत लिहिणे मला अत्यावश्यक वाटते. तो नसेल तर आपले तापमान दुसऱ्या कोणालाही पडताळता येणार नाही.

आपल्या मोजमापातील त्रुटीही याच मापाने पाहावी. १०,००० केल्विनजवळ ४३६३ च्या तेजात १० टक्के चूक झाली, तरी तापमान सुमारे ३०० केल्विनने सरकते, म्हणजे आपल्याला आढळलेल्या फरकाएवढेच. पुढे स्वतः वर्णपट घेणार असाल, तर पाऱ्याचे दिवे आणि ट्यूबलाइट यांच्या प्रकाशातील ४३५८ ची रेषा अवघ्या ५ अँगस्ट्रॉमवर असते हे ध्यानात ठेवावे. कमी विभेदनाच्या (जवळच्या रेषा वेगळ्या न दाखवणाऱ्या) उपकरणात ती ४३६३ मध्ये मिसळून तापमान वाढवून दाखवते, म्हणून शहरातील गच्चीपेक्षा पन्हाळ्याच्या बाजूची काळोखी जागा निवडावी आणि तेजोमेघाशेजारच्या रिकाम्या आकाशाचा वर्णपटही घेऊन तो वजा करावा.