तुझ्या देशात कारकून कुठं आहे?

प्रिय पोरी,

तू मनानं रचलेल्या हुकूमशाही देशाची ३८ पानांची पीडीएफ दोन रात्री बसून वाचली. कृष्णार देशाचा नकाशा तू फार मन लावून काढलाय, उत्तरेकडच्या खाणी, मधातली नदी, राजधानी डोंगराच्या आड का वसवली त्याचं कारण, सगळं पटलं मला. पण वाचता वाचता एक गोष्ट खटकत राहिली आणि तीच सांगायला हे पत्र लिहून राहिलो. तुझ्या देशात महानायक आहे, सेनापती आहेत, काळ्या गणवेशातलं गुप्त दल आहे, ११ पानं तर नुसती सैन्याचीच, पण अख्ख्या देशात एक कारकून नाही. रेशनच्या रांगेतली बाई नाही, शाळेत हजेरी घेणारा मास्तर नाही, पोस्टमन नाही. मग महानायकाचा हुकूम राजधानीतून निघून खाणीच्या गावापर्यंत पोचतो कसा? कोणीतरी तो टाइप करत असेल नं, कोणी जावक क्रमांक टाकत असेल, कोणी गावात वाचून दाखवत असेल. या सगळ्यांनी एकाच दिवशी हात वर केले तर महानायक म्हणजे बंगल्यात बसलेला एक म्हातारा माणूस. हे लोक रोज सकाळी उठून 'हो साहेब' का म्हणतात, ते तुला लिहायचंय. बाकी तोफा-रणगाडे नंतर.

आता सुरुवातीचं घे. तुझा इतिहास काळरात्रीपासून सुरू होतो, रणगाडे संसदेत घुसतात. असं घडतं, नाही असं नाही, चिलीत ११ सप्टेंबर १९७३ ला राष्ट्राध्यक्षांच्या राजवाड्यावर विमानांनी बॉम्ब टाकलेच. पण कितीतरी हुकूमशाह्या शिक्का मारलेला कागद हातात घेऊन पुढच्या दारानं येतात. जर्मनीत ३० जानेवारी १९३३ ला हिटलरला चान्सलर केलं ते राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्गनं, रीतसर. २७ फेब्रुवारीला संसदेच्या इमारतीला आग लागली, दुसऱ्याच दिवशी एका अध्यादेशानं नागरिकांचे हक्क गोठवले, आणि २३ मार्चला संसदेनं स्वतःच मतदान करून आपला अधिकार त्याच्या हातात दिला, ४४४ विरुद्ध ९४. कम्युनिस्ट खासदारांना त्याआधीच बाजूला सारलं होतं, विरोधात मतं पडली ती फक्त सोशल डेमोक्रॅट पक्षाची. जुनं संविधान रद्दसुद्धा केलं नाही कोणी, ते कागदावर तसंच पडून राहिलं.

त्यामुळे तुझ्या संविधानातलं ते 'टीका करणाऱ्यास कारावास' कलम काढून टाक बरं. असं उघड कोणी लिहून ठेवत नाही. स्टालिनच्या १९३६ च्या संविधानात भाषणस्वातंत्र्य होतं, छापखान्याचं स्वातंत्र्य होतं, आणि पुढच्याच वर्षी लाखो माणसं उचलून नेली. तुझं संविधान सुंदर लिही, वाचताना भरून यावं असं लिही, आणि मग त्याच्या पुढच्या पानावर त्याच देशातल्या एका माणसाचा एक दिवस लिही.

आपल्याकडचंही विसरू नको. २५ जून १९७५ ची रात्र, पंतप्रधान इंदिरा गांधींच्या सल्ल्यावरून राष्ट्रपती फखरुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या कागदावर सही केली, मंत्रिमंडळाला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. कलम ३५२, कारण दिलं 'अंतर्गत अशांतता'. त्या रात्री दिल्लीतल्या पेपरवाल्यांच्या गल्लीची लाइट कापली होती. रणगाडा एकही नाही, फक्त बटण. मिसा म्हणजे खटल्याशिवाय डांबून ठेवायचा कायदा, त्याखाली पकडलेले लोक हायकोर्टात गेले, देशातल्या नऊ हायकोर्टांनी म्हटलं की अटक बरोबर आहे की नाही ते आम्ही तपासू शकतो, आणि त्यात आपलं नागपूर खंडपीठही होतं. ही गोष्ट आपल्या पोरांना शाळेत कोणी सांगत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. मग २८ एप्रिल १९७६ ला सुप्रीम कोर्टानं चार विरुद्ध एक असा निकाल दिला की आणीबाणीत अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागताच येत नाही. तो एक म्हणजे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना. पुढे सरन्यायाधीशपदाची पाळी त्यांची असताना त्यांना डावलून दुसऱ्याला नेमलं, त्यांनी राजीनामा दिला. तुझ्या कृष्णारमध्ये असा एक न्यायाधीश टाक, पण त्याला हीरो नको करू. त्याच्यासोबत बेंचवर बसलेले बाकीचे चौघं काय विचार करत होते ते लिही, तिथं खरी गोष्ट आहे. ते वाईट लोक नव्हते, हुशार होते, शिकलेले होते.

आता घरातलं सांगतो, हे तुला आधी कधी सांगितलं नाही. मी तेव्हा सहावीत होतो, आम्ही नागपूरच्या महाल भागात एका वाड्यात राहायचो, बाबा सरकारी ऑफिसात कारकून. आमच्या समोरच्या खोलीत एक मास्तर राहायचे, बाबांचे दोस्त, सुट्टीत गावाला गेले की बाबांना पोस्टकार्ड टाकायचे, पावसापाण्याचं, आंब्यांचं, असंच काहीबाही. एका रात्री त्यांना नेलं. आवाज झाला नाही काही, चपला घालू द्या एवढंच ते म्हणाले ते मला आठवतं. दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठलो तर बाबा बंबासमोर उकिडवे बसलेले आणि एकेक पोस्टकार्ड बंबात टाकून राहिलेले. प्रत्येक कार्ड टाकायच्या आधी वाचत होते. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, ऑफिसात काही फर्मान आलं नव्हतं, घरी कोणी चौकशीला आलं नव्हतं आणि नंतरही कधी आलं नाही. आंब्यांबद्दलची कार्डं होती ती! त्याच पाण्यानं आईनं मला आंघोळ घातली आणि शाळेत पाठवलं. १९७७ मध्ये मास्तर सुटून आले, आमच्याकडे आले, तेव्हा बाबांनी स्वतः उठून चहा केला, मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना स्टोव्ह पेटवताना पाहिलं. दोघं बोलले फार नाही.

माझे बाबा भित्रे नव्हते पोरी. त्यांना चार लेकरं होती आणि पेन्शनला सतरा वर्षं बाकी होती. तुझ्या देशाला असा एक बंब पाहिजे. गुप्त दलानं दार फोडलं हे वाचून वाचक घाबरतो आणि पुढच्या पानावर विसरतो, पण कोणी दार वाजवलंच नाही आणि तरी माणसानं स्वतःहून जाळलं, हे विसरत नाही.

हे फक्त आमच्या वाड्यातलं नाही. इटलीत १९३१ मध्ये विद्यापीठातल्या प्रोफेसरांना फॅसिस्ट राजवटीशी निष्ठेची शपथ घ्यायला लावली, बाराशेच्या वर प्रोफेसर होते आणि नाही म्हणणारे जेमतेम डझनभर. बाकीच्यांना काय गोळी घालणार होते का? नोकरी जाणार होती, बस. पूर्व जर्मनीत १९८९ मध्ये श्टाझी या गुप्त पोलिसांचे पगारी लोक ९१ हजारांच्या आसपास होते, पण लपून खबरा देणारे पावणेदोन लाखांच्या आसपास, कोणी सहकारी, कोणी शेजारी, कधी कधी नवराच. कागद इतका जमला की फायली एका ओळीत लावल्या तर १११ किलोमीटर, म्हणजे आपल्या झिरो माइलपासून अमरावतीच्या दिशेनं निघालीस तर दोनेक तास गाडी चालवत राहा आणि बाजूला सारख्या फायलीच फायली. रुमानियात १९८३ पासून टाइपरायटर ठेवायचा तर पोलिसांत नोंद करावी लागे, अक्षरांचा नमुना देऊन, म्हणजे पत्रक सापडलं की कोणत्या मशीनचं ते कळावं. हे असं बारीक तुझ्या प्रोफाइलमध्ये हवं. कृष्णारमध्ये झेरॉक्सवाल्याला लायसन्स कोण देतं? लग्नाच्या पत्रिकेवर कोणाचा फोटो छापावा लागतो? मुलाचं नाव ठेवताना कोणती नावं चालत नाहीत? सैन्याच्या ११ पानांतली ८ काढ आणि तिथं हे भर.

आणखी एक, आकड्यांचं. तू पहिल्याच पानावर लिहिलंस, लोकसंख्या ४ कोटी १२ लाख. कोणी मोजली? सोव्हिएत देशात १९३७ मध्ये जनगणना झाली, माणसं निघाली सुमारे १६ कोटी २० लाख, स्टालिननं जाहीर सांगितलेल्या आकड्यापेक्षा किती तरी कमी, कारण मधल्या दुष्काळात लाखो मेले होते आणि ते कबूल करायचं नव्हतं. मग काय, जनगणनाच रद्द, मोजणाऱ्या अधिकाऱ्यांना अटक, काहींना गोळ्या घातल्या, आणि १९३९ मध्ये नव्यानं मोजणी. दुसऱ्या वेळी मोजणाऱ्याच्या हाताला काय वाटलं असेल सांग. म्हणून तुझ्या देशात प्रत्येक गोष्टीचे आकडे दोन ठेव, एक छापलेला आणि एक जो फक्त तुला आणि कृष्णारमधल्या एका कारकुनाला माहीत आहे. हुकूमशहाला खरं सांगायला कोणी उरत नाही, आणि तिथून त्याचं राज्य आतून किडायला लागतं. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार १९६८ मध्ये आजारी पडला, त्याच्या जागी दुसरा पंतप्रधान नेमला गेला, पण त्याला ते सांगितलंच नाही, १९७० मध्ये मरेपर्यंत माणसं त्याला भेटायला यायची आणि तो समजायचा की देश आपणच चालवतोय. जन्मभर ज्यानं लोकांना खरं बोलू दिलं नाही त्याला शेवटी खरं ऐकायला मिळालं नाही.

लहर पण दाखव, मात्र लहरीचा हिशोब लोकांच्या खिशातून दाखव. ब्रह्मदेशात हुकूमशहा ने विननं सप्टेंबर १९८७ मध्ये २५, ३५ आणि ७५ क्याटच्या नोटा एका फटक्यात बाद केल्या, भरपाई नाही, आणि आणल्या ४५ आणि ९० च्या, त्याच्या लाडक्या नऊनं भाग जाणाऱ्या. तुला ४५ ची नोट गमतीची वाटेल. पण ज्या पोरानं कॉलेजची फी ३५ आणि ७५ च्या नोटांत बांधून ठेवली होती त्याची सकाळ लिही. पुढच्या वर्षी विद्यार्थी रस्त्यावर उतरले ते उगाच नाही.

लोक महानायकाच्या मागे का गेले, यावर तू दोनच ओळी लिहिल्यात, 'जनता भोळी होती'. हे मला अजिबात पटलं नाही. लोक भोळे नसतात, दुखावलेले असतात. नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होती, एका राज्यपुनर्रचनेत ती गेली, बदल्यात हिवाळी अधिवेशन मिळालं, आणि इतक्या वर्षांनी अजूनही आपल्या टपरीवर तर्री पोहे खाता खाता कोणीतरी तो विषय काढतोच. आपल्याकडे त्यातून भाषणं झाली, आंदोलनं झाली, निवडणुका झाल्या, ते ठीकच आहे. पण विचार कर, असं दुखणं घेऊन बसलेल्या माणसाकडे एक जण येतो आणि म्हणतो, तुझं हे ज्यांनी केलं ते तुझ्या शेजारीच राहतात. कृष्णारच्या लोकांचं काय गेलं होतं? जमीन गेली, खाण बंद पडली, भाषा गेली? तिथून इतिहास सुरू कर, काळरात्र पाचव्या प्रकरणात येऊ दे. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बजावलं होतं की धर्मात भक्ती मुक्तीकडे नेत असेल, राजकारणातली भक्ती मात्र अधःपतनाकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. दीक्षाभूमीवर आपण इतक्यांदा जातो, पुढच्या वेळी गेलीस की ते भाषण घे आणि पायऱ्यांवर बसून पूर्ण वाच. महानायक तयार होतो तो या भक्तीतून, आणि ती भक्ती आधी प्रेमच असते. हे तुला लिहिता आलं पाहिजे.

विरोधाचं तू तळघर आणि बंदुका असं लिहिलंय. आपल्या शहराकडे बघ नं जरा. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे बाईच्या रूपातले मोठे पुतळे, मिरवत निघतात, काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. काळी मारबत इंग्रजांना मिळालेल्या भोसले घराण्यातल्या बांकाबाईच्या निषेधाची असं जुने लोक सांगतात, म्हणजे परकं राज्य छातीवर बसलेलं असताना लोकांनी पुतळा केला, मिरवला, 'इडा पीडा घेऊन जा गे मारबत' म्हणत वेशीबाहेर नेऊन जाळला. सोबत बडगे म्हणजे पुरुषाच्या रूपातले पुतळे असतात, त्यावर त्या त्या वर्षी लोकांना जे छळतं ते लिहिलेलं, भाव वाढले, रस्त्यात खड्डे, कोणी पुढारी. आता तुझ्या महानायकासमोर हा प्रश्न ठेव, असा सण त्याच्या राज्यात असेल तर तो काय करेल? बंद करेल तर लोक चिडतील. मला वाटतं तो बंद करणार नाही, परवाना लावेल, आणि दुसऱ्या वर्षी बडग्यावर काय लिहायचं ते सरकारच छापून देईल. मग एखादा म्हातारा कारागीर कोरा बडग्या घेऊन मिरवणुकीत येईल, त्यावर एक अक्षर नाही. त्याला पकडायचं तर कशासाठी? पोलिसाला रिपोर्टमध्ये काय लिहावं ते सुचणार नाही, आणि ते रिपोर्ट टाइप करणारा कारकून मला वाचायचाय.

यंदा तान्ह्या पोळ्याला सकाळीच ये, इतवारीत गर्दी लवकर होते, गाडी घेऊन येऊ नको, महालातून पायीच जाऊ. तेवढ्यात त्या रिपोर्टचं पान लिहून आण, दीड-दोन पानं पुरे. कारकुनाला लेकरं किती आणि पेन्शनला वर्षं किती बाकी, ते आधी ठरव.

तुझा
काका